६७५ पटींची दुर्बीण आणि धुरकट गुरू

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडतो, कारण हीच अडचण दर हिवाळ्यात मला कोणी ना कोणी सांगतंच. दारव्ह्याकडच्या खेड्यात तुमचं घर. दिवाळीत मुलीसाठी दुर्बीण मागवली. आरसा ११४ मिलिमीटरचा, नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) ९०० मिलिमीटर, खोक्यावर ठळक अक्षरांत ‘६७५ पट’. २० मिमीची नेत्रिका, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, बसवली की गुरू ‘वाटाण्याएवढा’ दिसतो आणि शेजारी चार ठिपके. ४ मिमीची नेत्रिका आणि सोबत ३ पटींचा बार्लो (पटी आणखी वाढवणारं जोडभिंग) लावला की पांढरा, लटपटणारा, धुरकट गोळा. पट्टे नाहीत, लाल डाग नाही. मुलगी दोन मिनिटांत कंटाळून घरात गेली, आणि तुम्ही विचारताय की दुर्बीण खराब निघाली का, परत करू का.

परत करू नका. तुम्ही लिहिलंय त्यात दुर्बिणीचा दोष दाखवणारं एकही लक्षण मला सापडलं नाही. वाटाणा आणि चार ठिपके दिसले, म्हणजे आरसा आपलं काम करतोय. गुरू जेवढा मोठा करू तेवढा स्पष्ट होईल असं आपण धरून चालतो, आणि खोक्यावरचा आकडा तो समज पक्का करतो. अडचण तिथे आहे. मोठं करणं वेगळं, बारकावे दिसणं वेगळं.

आकड्याचा हिशेब साध्या भागाकाराचा आहे. दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले नेत्रिकेचं नाभीय अंतर. ९०० भागिले २० म्हणजे ४५ पट. ९०० भागिले ४ म्हणजे २२५ पट. त्यावर ३ पटींचा बार्लो चढवला की ६७५. गणित म्हणून आकडा बरोबरच आहे, पण तो आरशाबद्दल काहीही सांगत नाही. एवढीशी नेत्रिका बदलून कुठल्याही दुर्बिणीचा आकडा हवा तेवढा फुगवता येतो. दुर्बीण घेताना पाहायचा आकडा एकच, आरशाचा किंवा भिंगाचा व्यास.

आता तुमच्या वाटाण्याकडे येऊ. माप पंचांगातलंच आहे. एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला. पूर्ण चंद्राची रुंदी साधारण अर्धा अंश, म्हणजे १८०० विकला. गुरूची रुंदी सध्या ४५ विकलांच्या आसपास आहे. ४५ ला ४० ने गुणलं की १८०० येतात. म्हणजे ४० पटींना गुरू नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पूर्ण चंद्राएवढा होतो, आणि तुम्ही तर ४५ पटींना पाहत होता. हे ऐकून शाळेतली पोरं नेहमी भांडतात. मग मी पौर्णिमेला त्यांच्या हातात तुरीचा एकेक दाणा देतो. दाणा चिमटीत धरायचा, हात पुरा लांब करायचा, एक डोळा मिटायचा. अख्खा चंद्र त्या दाण्यामागे झाकला जातो. चंद्र आपल्या मनात थाळीएवढा असतो, डोळ्यात मात्र तुरीच्या दाण्याएवढाच. दुर्बिणीच्या काळ्या गोलात शेजारी निंबाचं झाड नाही, घराचा कवेलू नाही, म्हणून मन गुरूला वाटाणा ठरवून मोकळं होतं.

‘२७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा निरोप तुमच्याही व्हॉट्सॲपवर आला असेलच. तोही याच गुणाकारातून निघालेला आहे. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ जवळजवळ साठ हजार वर्षांत आला नव्हता इतका जवळ आला होता, आणि त्याची रुंदी २५ विकला भरत होती. मूळ मजकुरात होतं की ७५ पट मोठं करणाऱ्या दुर्बिणीतून तो नुसत्या डोळ्यांच्या चंद्राएवढा दिसेल. २५ गुणिले ७५, म्हणजे १८७५. अगदी बरोबर. पुढे पाठवता पाठवता दुर्बीण गळून पडली, चंद्र राहिला, आणि निरोप दर ऑगस्टला उगवू लागला.

मग ६७५ पटींना गुरू जवळपास सतरा चंद्रांएवढा रुंद का दिसत नाही? दिसतो की. तुम्ही पाहिलात तो धुरकट गोळा तोच होता. आरसा ११४ मिमीचा आहे म्हणजे त्याच्यात येणारा उजेड ठरलेला आहे, पोत्यातल्या बियाण्यासारखा. ४५ पटींना ते बियाणं एका एकरात पेरलं असं समजा. २२५ पटींना चित्राची रुंदी पाचपट आणि उंचीही पाचपट, म्हणजे तेच बियाणं पंचवीस एकरांत. ६७५ पटींना सव्वादोनशे एकरांत. पीक विरळ होणारच. गुरू मुळात तेजस्वी म्हणून निदान गोळा तरी दिसला. शनी असता तर फिका डाग दिसला असता.

उजेडापेक्षाही मोठी अडचण बारकाव्याची आहे. ११४ मिमीचा आरसा फार तर एक विकलेएवढा बारीक तपशील सुटा करू शकतो, त्याहून बारीक नाही. हा प्रकाशाच्या लहरींचा नियम आहे, आरसा कितीही चांगला घासला तरी तो चुकत नाही. गुरू ४५ विकलांचा, म्हणजे त्याच्या अख्ख्या रुंदीवर तुमच्या आरशाला जेमतेम पंचेचाळीस ठिपक्यांची रांगोळी काढता येते. आपला डोळा साधारण एका कलेचा, म्हणजे ६० विकलांचा फरक ओळखतो. म्हणून ६० पटींना ते ठिपके डोळ्याला कळू लागतात, आणि ताण न पडता पाहायला दुप्पट-तिप्पट केलेलं बरं. त्याच्या पुढे कितीही वाढवा, नवा ठिपका येत नाही, आहेत तेच फुगतात. ‘व्यासाच्या दुप्पट पट’ हा नियम आला तो इथून. ११४ च्या आरशाला वरची हद्द साधारण २२८ पट, आणि तीही उत्तम रात्री. माझ्या अनुभवात गुरूसाठी रोजचं काम ९० ते १५० पटींतच होतं.

हे मी त्या २००३ च्या मंगळावरच शिकलो. आर्वीकडे शाळेत विज्ञान शिकवत होतो, हाताने घासलेल्या सहा इंची आरशाची दुर्बीण नवीन होती. ऑगस्ट म्हणजे आपल्याकडे भर पावसाळा. आठ-दहा रात्री ढगांतच गेल्या. मग एका रात्री पाऊस उघडला, हवा जड आणि अगदी थांबलेली. १२० पटींना मंगळ केशरी, गोल, आणि त्याच्या दक्षिण ध्रुवाची पांढरी टोपी एखाद्या ज्वारीच्या दाण्यासारखी लख्ख. मी लगेच २४० पटी चढवल्या. टोपी गेली. पुन्हा १२० वर आलो, टोपी परत. त्या रात्री चार-पाच वेळा वर-खाली केलं तेव्हा ते डोक्यात बसलं.

आता हवेबद्दल. ग्रह पाहताना विदर्भात सगळ्यात जास्त फरक तिच्यामुळे पडतो, आणि ‘परिस्थितीवर अवलंबून आहे’ असं मला ज्या गोष्टीबद्दल प्रामाणिकपणे म्हणावं लागतं ती हीच. मे महिन्यात नांगरलेल्या रानावर दुपारी झळा नाचताना आपण पाहतो. तसंच रात्रीही चालू असतं, फक्त दिसत नाही. दुर्बीण ते मोठं करून दाखवते, ग्रहाला ४५ पट केलं तर त्या थरथरीलाही ४५ पट. तुमचा गोळा ‘लटपटत’ होता ना? ती गुरूची नाही, तुमच्या गावावरच्या हवेची हालचाल होती.

तुम्ही स्लॅबवर दुर्बीण मांडली असं लिहिलंय. पहिला बदल तिथे करा. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतो. टिनाचे पत्रे त्यामानाने लवकर निवतात, पण खाली चूल पेटलेली असेल तर तेही नको. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, मातीवर मांडा. संध्याकाळी सडा टाकलात तर आणखी चांगलं. ज्या दिशेला पाहायचं तिकडे कोणाच्या घराचा धूर, वीटभट्टी किंवा पेटवलेली पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) नको. मला आजवरचे सर्वांत स्थिर ग्रह दिसले ते ओलिताच्या गव्हाच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून. हिरवं रान, ओली जमीन, वारा पडलेला. फक्त तिथे दव लवकर धरतं. नेत्रिका खिशात ठेवायची, लावायच्या वेळीच काढायची.

रात्र कशी ओळखायची? डोक्यावरच्या ताऱ्यांकडे बघा. ते फार लुकलुकत असतील तर त्या रात्री ४५ पटींवरच समाधान माना. कडाक्याची थंडी पडून आकाश धुतल्यासारखं निघालं की आपण खूश होतो, पण हिवाळ्यात उत्तर भारतावर खूप उंचावरून वेगाने वारे वाहतात, त्यांची धार आपल्यापर्यंत आली की तारे चमचमतात आणि ग्रह उकळतात. उलट किंचित धुरकट, कोंदट, पान न हलणाऱ्या रात्री गुरू कोरल्यासारखा दिसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पावसाच्या उघडिपीला आणि पहाटे चारनंतर माझ्या वहीत सर्वांत जास्त चांगल्या नोंदी आहेत.

आणि एक, काळोखाची काळजी करू नका. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, तेव्हापासून बरेच लोक मला विचारतात की गुरू-शनी पाहायला तिकडे जाऊ का. आकाशगंगा पाहायला, तेजोमेघ पाहायला जरूर जा. गुरूला मात्र काळोख लागत नाही, थांबलेली हवा लागते. तो नागपुरात सीताबर्डीच्या दिव्यांतही तेवढाच दिसतो.

थांबलेली हवा सलग मिळत नाही, क्षणांत मिळते. हे मला एका आजीने दाखवून दिलं. रानडुकरांच्या पायी तुरीच्या वावरात जागलीला लेकासोबत आलेली बाई, साठी ओलांडलेली. मी शेजारच्या खळ्यावर दुर्बीण मांडली होती, तिला गुरू दाखवला, १०० पटींना. बाकीचे लोक दहा सेकंद पाहून बाजूला होतात. ती स्टुलावर बसली ती उठेचना. पहिल्यांदा म्हणाली, "हा त पान्यातल्या दिव्यावानी हालून रायला." मी म्हटलं, बघत राहा. दोन-तीन मिनिटं गेली. मग हळूच, "थांबला. पट्टे हायेत त्याच्यावर, दोन." परत काही वेळाने, "गेले." आणि पुन्हा, "आले." ग्रह असाच पाहायचा असतो. ती थरथर मधूनच अर्धा-एक सेकंद विसावते, त्या अर्ध्या सेकंदात सगळं दिसतं, आणि डोळा ते तुकडे जमवत जातो. दोन मिनिटांत घरात गेलेल्या तुमच्या मुलीला हे सांगा, आणि बसायला स्टूल द्या. उभ्याने, पाठ वाकवून कोणीच टिकत नाही.

दुर्बीण बाहेर काढल्याबरोबर पाहू नका. घरातून आणलेला आरसा गरम असतो, त्याच्यावरून नळीतच झळा उठतात. पाऊण तास बाहेर निवू द्या. दिवेलागणीला मांडायची, जेवण करून यायचं.

दुसरी तपासणी आरशाच्या नेमाची, म्हणजे दुर्बिणीतले आरसे एका रेषेत आहेत का याची. दुर्बीण कुरिअरने, मग मोटरसायकलवर आपल्या रस्त्यांवरून आली असेल तर आरसे थोडे सरकलेले असू शकतात. ध्रुव ताऱ्यावर तपासा, तो जागचा हलत नाही. आपल्याकडे तो उत्तरेला क्षितिजापासून वीस-एकवीस अंशांवरच असतो. तुमच्या स्टँडवर अक्षांशाची पट्टी असेल तर तीही तेवढ्यावरच बसवा. ४ मिमीची नेत्रिका, बार्लो नाही. तारा मधोमध आणून फोकस किंचित बिघडवा. ताऱ्याच्या जागी उजेडाच्या कड्या दिसतील. कडीत कडी बसल्यासारखी, एकाच मध्याची दिसली तर आरसे नेमात आहेत. एकीकडे झुकलेली दिसली तर मागचे स्क्रू फिरवावे लागतील. एक गोष्ट नळी मोजूनच कळेल. ती सुमारे तीन फूट लांब असेल तर उत्तम. ९०० मिमी लिहिलेली नळी दीड फुटाचीच निघाली, तर आत नाभीय अंतर वाढवणारं जादा भिंग आहे, आणि तशा दुर्बिणीला १०० पटींच्या वर माझा भरवसा नाही.

पटी वाढवल्या की गुरू पळतो, हेही तुम्ही अनुभवलं असणार. ४५ पटींना तो नेत्रिकेच्या एका काठापासून दुसऱ्या काठाला जायला चार मिनिटांहून जास्त घेतो, २२५ पटींना जेमतेम पाऊण मिनिट. मुलीला बोलावून ती डोळा लावेपर्यंत गुरू बाहेर. ६७५ पटींना तर पाव मिनिटही नाही. त्यात यंदा गुरू मिथुनेत आहे. १० जानेवारी २०२६ ला त्याची प्रतियुती झाली, म्हणजे आकाशात तो सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला आला, आणि आपल्या अक्षांशाला तो रात्री जवळपास डोक्यावर येतो. युरोपातल्या निरीक्षकांना न मिळणारी ही मोठी चैन आहे, कारण डोक्यावर पाहताना हवेचा थर सर्वांत पातळ. अडचण एवढीच की नळी सरळ वर केली की ती किंवा वजनाचा दांडा स्टँडच्या पायाला अडतो. म्हणून तो माथ्यावर यायच्या तासभर आधी किंवा नंतर पाहा.

नेत्रिकांचं सांगतो. बार्लो आणि ४ मिमी एकत्र कधीच वापरू नका. ४ मिमीच्या त्या नेत्रिकेवर ‘एस आर’ असं कोरलं असेल, तर ती फार साध्या घडणीची आहे. तिचं छिद्र सुईच्या नेढ्याएवढं, डोळा काचेला टेकवावा लागतो. पैसे खर्चायचेच असतील तर नवी दुर्बीण नको, १० मिमीची एक बरी, ‘प्लॉसल’ नावाच्या घडणीची नेत्रिका घ्या, ९० पट मिळेल. वर्षभराने वाटलं तर ६ मिमी, १५० पट. चष्म्याचा नंबर नुसता दूरचा-जवळचा असेल तर चष्मा काढून पाहा, फोकस तो भरून काढतो. तिरपा नंबर (सिलिंडरचा) असेल तर चष्मा ठेवावा लागेल, मग डोळा जरा लांब ठेवू देणारी नेत्रिका शोधा.

आणि २० मिमीवाली कायम हाताशी ठेवा. २१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी एकमेकांपासून अवघ्या सहा कलांवर आले होते. सूर्य मावळल्यावर पश्चिमेला, वावरांच्या वर थोडा वेळच दिसत होते. तेव्हा मी ६० पटींच्या वर गेलोच नाही. गुरू, त्याचे चंद्र, शनीची कडी, सगळं एकाच गोलात, भोवती काळी जागा सोडून. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने गुरूचे चार चंद्र शोधले ती दुर्बीण साधारण २० पटींची होती. तुम्ही ज्यांना ठिपके म्हणालात ते तेच चार, आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो. मुलीला वहीत दर तासाला त्यांच्या जागा टिपायला सांगा. आयो साडेबेचाळीस तासांत फेरी पुरी करतो, गुरूच्या जवळ असताना तासाभरात त्याची जागा बदललेली कळते.

बाकीच्या ग्रहांचं थोडक्यात. शनी आता मावळतीला गेलाय, ४ ऑक्टोबर २०२६ ला प्रतियुती, तेव्हा ९० पटींना पाहा. मार्च २०२५ मध्ये त्याची कडी आपल्याला अगदी कडेवरून दिसत होती, आता हळूहळू उघडतेय, म्हणून यंदा ती अरुंद दिसली तर दुर्बिणीला दोष देऊ नका. मंगळ साधारण सव्वीस महिन्यांनी एकदा जवळ येतो, पुढची वेळ फेब्रुवारी २०२७. शुक्रावर पृष्ठभागाचं काहीच दिसत नाही, चंद्रासारख्या कला दिसतात, त्याही संधिप्रकाश असतानाच पाहायच्या, काळोखात तो फार चकाकतो.

खोक्यात नेत्रिकेला लावायची काळी किंवा गर्द हिरवी काच असेल, ‘सन’ लिहिलेली, तर ती आजच फोडून टाका. आरसा सूर्याची सगळी उष्णता तिच्यावर एकवटतो, ती पाहता पाहता तडकते आणि डोळा जातो. दिवसा दुर्बीण अंगणात नुसती ठेवायची असली तरी तोंडावर झाकण हवंच, मुलगी लहान आहे.

या आठवड्यात एवढं करा. सांदवाडीत, पाऊण तास निववून, आधी २० मिमी, मग नुसती ४ मिमी, आणि प्रत्येकीला किमान दहा मिनिटं बसून. दोन पट्टे कुठल्या नेत्रिकेला आधी दिसले ते कळवा. ध्रुवाची कडी एकीकडे झुकलेली निघाली तर स्क्रूला हात लावण्याआधी ती कोणत्या बाजूला झुकते तेवढं लिहा, कोणता स्क्रू किती फिरवायचा ते सांगतो.